ताईचे बिऱ्हाडकरू

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, आईचं घरात काही म्हणजे काही उरलं नाही. साधा वाससुद्धा नाही." त्यावर मी विषय बदलून तुझ्या परीक्षेचं विचारलं. तुला राग आला असणार. पण मला जे सांगायचं होतं ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतं, आणि मला बोलणं जडच जातं, हे तुला ठाऊक आहे.

ताई गेल्यावर शेजारणींनी तिच्या चादरी, उशा, स्वेटर सगळं धुऊन टाकलं. बिचाऱ्यांनी मदत म्हणूनच केलं. तू तिच्या कपाटात तोंड खुपसून कितीतरी वेळ उभी होतीस. आत नुसता साबणाचा वास होता.

माझा चेहरा पूर्वी कसा होता ते तुला आठवत असेल. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नाक धरून बसायचं, म्हणून मी तो लख्ख ठेवायचे. घासायचा, खरवडायचा, वरून झोंबणारं काहीतरी चोपडायचं. शेवटी वारा लागला तरी गालांची आग व्हायला लागली. ताईचं प्रयोगशाळेतलं काम नेमकं त्याच बाबतीतलं. माणसाच्या गालावरून काडीने जंतू टिपायचे, त्यातले कातडीला सांभाळणारे वेगळे काढून वाढवायचे आणि साध्या, बिनवासाच्या क्रीममध्ये घालून त्याच माणसाला परत द्यायचे. ती त्यांना बिऱ्हाडकरू म्हणायची. माझे गाल तपासून म्हणाली, "अगं, तू तर अख्खी इमारत रिकामी केलीस! शहाणी कुठली."

माझ्याकडचं वाढवण्याजोगं काही निघालं नाही, तेव्हा तिने स्वतःच्या गालावरचे घेतले. एकाचे दुसऱ्याला लावायचे नाहीत, हा तिथला पहिला नियम. नव्या लोकांना तो तीच शिकवायची. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "सख्ख्या बहिणीला कसला नियम? माझी बिऱ्हाडं तुझ्याकडे ठेवते, भाडं मागू नकोस म्हणजे झालं." फ्रिजमधली ती लहानशी डबी रोज लावायची. साबण बंद, कोमट पाणी, टॉवेलने नुसतं टिपायचं. हळूहळू गाल निवले. डबी संपली तरी निवलेलेच राहिले. मग ताई गेली.

त्यानंतर एका सकाळी माझ्या उशीला तिचा वास आला. तिला मिठी मारली की कानामागे यायचा ना, उन्हात तापलेल्या लाकडासारखा, किंचित दुधट, तोच. मला वाटलं, तिची न धुतलेली एखादी उशी चुकून माझ्याकडे आली असेल. अभ्रा धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा दुकानात एका बाईंच्या चष्म्याची दांडी वाकवत होते, तर ताई खांद्यामागे येऊन उभी राहिल्यासारखं वाटलं. मी मागे वळून पाहिलं. बाईही वळून पाहू लागल्या. मागे भिंत होती. ताईच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीला मी विचारलं, तिचे बिऱ्हाडकरू अजून माझ्या गालावर असतील का. ती म्हणाली, "माणसाचा वास बराचसा कातडीवरच्या जंतूंचाच असतो. तेच रुजलेत असं छातीठोक नाही सांगता येणार. पण नाहीत असंही नाही."

मग आजीचं सुरू झालं. तिला आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल. एका दुपारी मी तिची नखं काढत होते. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी ओढून गालाला गाल लावला आणि म्हणाली, "आलीस होय? किती वाट पाहायला लावलीस गं!" मी म्हटलं, आई, मी धाकटी. ती हसली. "मला फसवतेस? माझं पोरगं मला कळत नाही?" तेव्हापासून ती पोटभर जेवते, रात्री शांत झोपते, आणि मला ज्या गोष्टी तिने जन्मात सांगितल्या नव्हत्या त्या सांगते. मी ऐकून घेते. काल मात्र आवाज खाली आणून म्हणाली, "धाकटी बरेच दिवस दिसली नाही. बरी आहे ना ती?" मी म्हटलं, बरी आहे. "तिला म्हणावं, ये एकदा. तिचीही आठवण येते." सांगते म्हटलं. मग मोरीत जाऊन नळाखाली साबण हातात धरला, आणि तो विरघळून बोटांतून निसटेपर्यंत तशीच उभी राहिले. चेहऱ्याला लावला नाही.

हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. माझी दाढ आतून सडली आहे, जबडा सुजलाय. डॉक्टर जंतू मारणारी जालीम औषधं सुरू करणार आहेत, आणि दाढ काढण्याआधी सगळा चेहरा जंतुनाशकाने धुऊन काढतील. त्यानंतर काय उरेल, त्या मुलीलाही सांगता येईना. मी डॉक्टरांकडून सोमवारपर्यंतचा वेळ मागून घेतला. ते चिडले, पण दिला. त्यापुढे एक दिवसही थांबणार नाहीत. तू रविवारी ये. काही बोलायला हवं असं नाही. दार उघडलं की सरळ जवळ ये, डावा गाल सुजलाय, उजव्याला गाल लाव आणि डोळे मिटून घे. हवा तितका वेळ घे. तेवढा वेळ मी तिथे नसले तरी चालेल.

तुझीच,
तुझ्या आईची धाकटी