माझ्यासमोर हजर

३ ऑक्टोबर
आले एकदाची! टूल फेरी हे गाव नकाशावर दिसतं त्याहूनही लहान आहे, आणि मला ते पाहताक्षणी आवडलं. एक पेट्रोल पंप, एक चर्च, बरी कॉफी देणारं एक हॉटेल. साठ मैलांत दुसरी नोटरी नाही. म्हातारी-आजारी माणसं शहरात जाऊ शकत नाहीत, तेव्हा शिक्का घेऊन मीच त्यांच्या घरी जाणार.

ट्वायला, माझी नणंद, फोनवर म्हणाली की अनोळखी घरांत एकटीनं शिरायचं तुझं वेड काही जात नाही. तिला सांगितलं, तुझ्या भावाचे नियम मी अजून पाळते. गाडी रस्त्याकडे तोंड करून लावायची. दाराजवळच्या खुर्चीत बसायचं. पोचल्यावर 'आत' आणि निघाल्यावर 'बाहेर' असा निरोप पाठवायचा. आधी हा निरोप रॉइसला, माझ्या नवऱ्याला जायचा. तो गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, ट्वायलाला जातो. ती अंगठ्याचं चित्र पाठवते. रॉइस लिहायचा, 'ये आता, मार्ल.' मला मार्लिसची मार्ल करणारा तो एकटाच.

७ ऑक्टोबर
तळ्याकाठी हॅस्केल बर्डेट यांच्याकडे गेले. चर्चच्या आवारात त्यांच्या मुलीच्या कबरीशेजारची जागा बायकोच्या, इनाच्या नावावर आहे. ती दोघांच्या नावे करायची, म्हणजे पुढेमागे तिघं शेजारी राहतील. कागदावर इनाची सही होती, फक्त माझा शिक्का हवा होता. इनाबाई कुठे आहेत, विचारलं. परवा गेल्या, म्हणाले.

सही करणारा माणूस माझ्यासमोर हवा. आमच्या धंद्यात याहून मोठा नियम नाही, आणि बावीस वर्षांत मी तो मोडलेला नाही. त्यांनी तिची खुर्ची टेबलाशी ओढून ठेवली होती. समोर तिचा चष्मा पुसून ठेवला होता.

"बाई, नाहीतर मला भलतीकडेच पुरतील हो," ते म्हणाले. "एवढं लिहा, की ती होती."

मला रॉइस आठवला आणि मी विरघळले. कागदावर शिक्का मारला आणि माझ्या नोंदवहीत लिहिलं: इना बर्डेट माझ्यासमोर प्रत्यक्ष हजर. जागेच्या कागदासाठी वहीत सही करणाऱ्याचा अंगठाही लागतो. तो चौकोन कोरा ठेवून निघाले.

८ ऑक्टोबर
वहीतल्या त्या चौकोनात ठसा आहे. शाई ओली होती.

माझा नाही, ताडून पाहिला. ठसे मला कळतात. रॉइसच्या अंगठ्यावर करवतीचा आडवा व्रण होता, त्याचा ठसा मी हजारांत ओळखीन. हा कुणा बारीक बोटांच्या बाईचा आहे.

१० ऑक्टोबर
गाडीत शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणून घंटी वाजत राहिली. सीट रिकामी. मेकॅनिक म्हणाला, बिघाड काही नाही, कुणी बसलं की वाजते.

दुपारी एका निवृत्त शिक्षिकेकडे काम होतं. तिनं दोन कप कॉफी आणली. तुमच्या बरोबरच्या बाई उभ्याच का, असं विचारलं.

१३ ऑक्टोबर
ट्वायलाचा फोन. हल्ली माझा 'आत' दोनदा येतो म्हणाली. 'बाहेर' मात्र एकदाच. "म्हातारी झालीस गं," म्हणून हसली. मी फोन तपासला. मी एकदाच पाठवते.

१५ ऑक्टोबर
आता ती मला दिसते. निळा स्वेटर. बोलत नाही. जिथे जाईन तिथे माझ्या समोर — कायम समोर —

तिला घेऊन हॅस्केलकडे गेले. सगळं सांगितलं. ते भलत्याच कोपऱ्याकडे पाहत होते. स्वेटरचं कोपर शिवलेलं आहे का, विचारलं. आहे म्हटलं. खाली बसले.

"मी रोज दार उघडं ठेवतो, बाई. पण तुम्ही लिहिलंत 'माझ्यासमोर'. म्हणजे तुमच्यासमोर. माझ्या नाही."

ती त्यांच्याकडे पाहत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिच्या मुलीशेजारी पुरलंय तिला, पण ती तिथे नाही. मी तिला आणलं. मला रडू आवरेना.

१६ ऑक्टोबर
नोंद खोडली. अर्ध्या तासात अक्षरं जशीच्या तशी. पुन्हा खोडली. पुन्हा —

१७ ऑक्टोबर
ट्वायला म्हणते वही जाळ आणि निघून ये. बरोबर आहे तिचं.

पण रॉइसचा गाडीचा परवाना अजून माझ्या पर्समध्ये आहे; नोंदीला ओळखपत्र म्हणून तो चालतो. एका ओळीनं इना येते, तर —

इना मान हलवते. नाही. सारखी, नाही.

१८ ऑक्टोबर, सकाळ
लिहिलं. रॉइस एंगस्ट्रॉम माझ्यासमोर प्रत्यक्ष हजर.

इना भिंतीला चिकटून उभी आहे. दाराकडे बघत नाही.

दार वाजतंय. चौकोनात शाई उमटतेय — अंगठा मोठा, पुरुषाचा —

व्रण नाही.

व्रण नाही. मला दिसतंय. हा तो नव्हे.

बाहेरून हाक येतेय. "ये आता, मार्ल." त्याचाच आवाज. पाच वर्षांत मला कुणी मार्ल —

ट्वायलाला 'बाहेर' पाठवते आणि कडी काढ