बिनयुरियाचा तुकडा

१२ ऑगस्ट
धरणगावला पोचलो. स्वागत झकास झालं. मका संशोधन केंद्रातल्या खोलीत पंखा फिरतो, नळाला पाणी येतं, खिडकीतून सगळं वावर दिसतं. पीएचडी झालेला माणूस इथे पहिल्यांदाच आला असावा, कारण चहा देणाऱ्याने मला डॉक्टर समजून गुडघा दाखवला.

चाळीस वाण आहेत, दोन तुकड्यांत. एकाला भरपूर युरिया, दुसऱ्याला पंधरा वर्षांत चिमूटभरही नाही. युरियातून मिळणारं नत्र कमी पडलं की मक्याचा तुरा उशिरा येतो, कणसाचे केस त्याहून उशिरा, आणि पराग वाया जातो. उपाशी राहूनही दोन्ही वेळेवर काढणारा वाण, म्हणजेच त्यातलं जनुक, मला हवं आहे. ते सापडलं की धरणगावला रामराम.

१४ ऑगस्ट
तानुबाई ही इथली जुनी मजूर. भलता पराग पडू नये म्हणून वीस वर्षं तुऱ्यांना अन् कणसांना कागदी पिशव्या घालते. बिनयुरियाच्या तुकड्यात शिरण्याआधी ती बांधावर भाकरीचा तुकडा ठेवते. कारण विचारलं, तर "साहेब, वावरले भूक लागेल शे," म्हणाली. वावराला म्हणे भूक लागलीय. काय हे अगाध ज्ञान! भाकरीतही नत्र असतं, असं सांगून मी तो प्रकार बंद केला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, असंही तिने मला सुचवलं. आता कपडेही हीच ठरवणार.

१९ ऑगस्ट
परवा बिनयुरियाच्या तुकड्यात मक्याच्या पानांनी हात चिरले. सतरा नंबरच्या ओळीत रक्ताचे थेंब पडले. तेव्हा पिवळी असलेली ती ओळ आज गर्द हिरवी आहे.

२४ ऑगस्ट
सतरा नंबर! तुरा आणि केस एकाच दिवशी! युरिया खाऊन माजलेल्या तुकड्यातही अजून काही नाही. पुण्याच्या साहेबांना कळवलं, वाण सापडला. तानुबाई माझे हात बघत राहिली. त्या ओळीत जाऊ नका, मला भाकरी ठेवू द्या, म्हणून विनवत होती. अडाणीपणालाही मर्यादा असते.

एकच खटकतं. तेच बियाणं याच तुकड्यात एकतीस नंबरच्या ओळीतही पेरलंय आणि ते पिवळं आहे. तिथे मी कधी गेलो नव्हतो. आज गेलो आणि चिरलेला हात मुद्दाम पानांवर घासला. फक्त खात्रीसाठी.

२७ ऑगस्ट
एकतीस हिरवी. म्हणजे जनुक नाही. रक्त. हे साहेबांना सांगू? माझं हसं होईल. नाही सांगितलं.

नखं पिवळी पडलीत. टोकाकडून आत, मधोमध. उपाशी मक्याचं जुनं पान असंच पिवळं पडतं, झाड त्यातलं नत्र वर ओढून घेतं तेव्हा. मला भीती वाटते आहे.

३० ऑगस्ट
दुपारी बस पकडायला निघालो. भानावर आलो तेव्हा सतरा नंबरमध्ये उभा होतो. अनवाणी — बॅग बांधावर —

३१ ऑगस्ट
पुन्हा तिथेच. पाय उचलत नाहीत. वही खिशात होती म्हणून —

घशात काहीतरी. ओढलं. लांब, ओलसर, पिवळट केस. मक्याचे. संपतच नाहीत —

तानुबाई आली. देवा, आली! बांधावर भाकरी ठेवली. हाक मारली, आवाज फुटला नाही. तिने डोळे पुसले. म्हणाली, उशीर झाला, साहेब, केस बाहेर आले. पदराआडून कागदी पिशवी काढली — नको, तानुबाई — माझ्या तोंडाव—