एका सर्टिफिकेटाच्या मेंढ्या किती

भवानीनगरजवळच्या मळ्यातून,
ता. इंदापूर
१६ जून १९९६

तीर्थरूप सोपानमामांच्या पायाशी भाची मनिषाचा नमस्कार. सारजामामींना त्याहून थोडा जास्त, कारण त्या तुम्हाला सांभाळतात.

पत्रास कारण की, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं कारण सावकाश सांगेन. तुम्ही मेंढरं घेऊन कोकणातून वर आलात आणि सोमेश्वरनगरच्या अलीकडं उतरलात असं कळलं. मामींचा गुडघा कसा आहे? मेंढ्यांची तब्येत कशी आहे? (हे मी सहज विचारलेलं नाही, पण तूर्त सहजच समजा.) इकडं आई आणि तात्या ठीक. आबा, म्हणजे तुमच्या बहिणीचे सासरे, तेही खणखणीत आहेत. बारामतीच्या बाजारात ते दिसले की तुम्ही दुसऱ्या गल्लीनं जाता, असं त्यांचं म्हणणं आहे. मी म्हटलं, मामांची नजर अधू झाली असेल.

बारावी पास झाल्यावर माझ्याविषयी घरात दोन मतं पडली. तात्यांचं मत, भवानीनगरच्या कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर एक मुलगा बसतो, त्याला बघून तरी घ्यावं. माझं मत, बारामतीत एस.टी. स्टँडच्या मागं एका क्लासात मेडिकल ऑफिसच्या कामाचं वर्षाचं सर्टिफिकेट मिळतं, ते करावं. दवाखान्याचं सगळं कागदी काम त्यात शिकवतात. केसपेपर काढायचा, नंबर लावायचा, बिल करायचं, टायपिंग करायचं आणि फोनवर गोड बोलायचं. (शेवटचा विषय मला जड जाईल असं आईला वाटतं.) फी सात हजार दोनशे. पास झाल्यावर पगार नऊशे, असं क्लासचे सर सांगतात. तात्या म्हणाले, "एवढं शिकून लोकांच्या खोकल्याला नंबर लावायचा व्हय?" तरी बिचारे पतसंस्थेत जाऊन आले. कर्ज मिळतंय, अठरा टक्क्यांनी, पण दोन जामीनदार पाहिजेत. जामिनाचं नाव काढताच तात्यांचा चेहरा उतरला, कारण गावात ते ज्याला विचारायला जातात तो आधी त्यांनाच जामीन राहायला सांगतो.

मग प्रकरण आबांपुढं गेलं. आमची मेंढरं जाऊन ऊस आला त्याला पंधरा वर्षं झाली, पण आबांचं चलन अजून बदललेलं नाही. त्यांच्या लेखी आमचा सिलिंग फॅन हा फॅन नसून छताला टांगलेली एक मेंढी आणि एक कोकरू आहे. त्यांनी मेंढीचा भाव सहाशे धरला. फी बारा मेंढ्या. एस.टी.चा वर्षाचा पास तीन. व्याजाचं त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे वर्साला दोन मेंढ्या न् वर एक कोकरू लांडगा नेतोय, आन् त्या लांडग्याला आपुनच घरी बोलवायचा." पगार दरमहा दीड मेंढी. यातली अर्धी कशी चालते, यावर जेवण होईपर्यंत चर्चा झाली. शेवटी त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "सर्टिफिकेट व्यातंय का?" मी म्हटलं, व्यात नाही, पण त्याला रोगही होत नाही. ते म्हणाले, "वाळवी लागती." मी म्हटलं, लॅमिनेशन करून घेऊ. लॅमिनेशनला किती मेंढ्या, ते अजून ठरायचं आहे.

माल बघितल्याशिवाय सौदा करायचा नाही म्हणून परवा आबा मला घेऊन बारामतीला निघाले. क्लासात त्यांनी सरांना पहिलाच प्रश्न घातला, "शंभरात दगावत्यात किती?" त्यांना विचारायचं होतं की मधेच शिक्षण सोडणाऱ्या मुली किती. सर घाबरून म्हणाले, "आजोबा, आमच्याकडं पेशंट नसतात, नुसता कागद असतो." आबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी काट्यावरच्या मुलाचा मनात विचार सुरू केला.

मग म्हणाले, पास झालेली एखादी पोरगी दाखवा. सरांनी मागच्या वर्षीच्या राजनंदिनीचा पत्ता दिला. ती जवळच एका डॉक्टरांकडं आहे. आबा तिथं पेशंट होऊन बसले. (मी नको म्हणत होते.) तिनं नाव विचारलं, सोनबा. वय विचारलं, "मोठ्या दुष्काळाच्या आदीचा." तिनं न हसता वयाच्या रकान्यात बहात्तर लिहिलं, वीस रुपये घेतले आणि हातात केसपेपर ठेवला. नंबर एकवीस. दवाखान्यात ही गर्दी. ती एकेकाला नावानं आत सोडत होती, मध्ये घुसणाऱ्या एका बड्या माणसाला तिनं खालच्या आवाजात परत बाकावर बसवलं. आबा टक लावून बघत होते. मला म्हणाले, "मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी हुबं राहून मोजावीत, तसं हाय की हे." डॉक्टरांनी तपासलं तर ब्लडप्रेशर खरंच वाढलेलं निघालं, म्हणजे ते वीस रुपयेही वाया गेले नाहीत.

मामा, मला तिच्या जागी बसायचं आहे. ती सगळ्यांना नाव, गाव, वय विचारत होती आणि सगळे मुकाट सांगत होते. आमच्या घरी मला चहात साखर किती घालायची एवढंच विचारतात.

येताना आबांनी केसपेपर पटक्यात खोचला होता. म्हणाले, "आपल्या मेंढरांचं असं कागूद असतं, तर कुणाची मेंढी कुणाच्या कळपात गेली ह्ये कळलं असतं." मग भवानीनगर येईपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत राहिले. घरी आल्यावर त्यांनी तात्यांना माझ्या बाजूनं सांगितलं. तात्यांनी अट घातली. तीस तारखेच्या आत पहिला हप्ता, तीन हजार, कर्जाशिवाय उभा राहिला तर क्लास. नाहीतर काट्यावरचा मुलगा बघायला येणार. म्हणजे त्याच्यापुढं मला पोहे घेऊन जायचं आहे.

मामींच्या गुडघ्याला तेल चोळत जा. लहानांना आशीर्वाद, कुत्र्यांना शाबासकी.

तुमची लाडकी (असं तुम्ही बारशाला म्हणाला होतात),
मनिषा

ता. क. बारशावरून आठवलं. सत्त्याहत्तर साली माझ्या बारशाला तुम्ही चारचौघांत मला एक मेंढी दिली होती, आणि ती अर्धलीनं तुमच्याच कळपात ठेवली होती. निम्मी पिल्लं सांभाळणाऱ्याची, निम्मी माझी. एकोणीस वर्षांत तिची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लं मिळून आबांनी शेहेचाळीस मोजली. मी त्यातून लांडगे, रोगराई, कोकणची वाट आणि जत्रेला तुमच्याकडं जेवलेले पाहुणे वजा केले. चोवीस राहिल्या. निम्म्या तुमच्या. माझ्या बारा. फीही बाराच मेंढ्यांची निघावी, हा केवळ योगायोग.

आणखी ता. क. सगळ्या लगेच नकोत, तुमच्या कळपाला खिंडार पडायला नको. हप्त्यापुरत्या पाच द्या. पुढच्या रविवारी आबा न्यायला येतील, तेव्हा दुसऱ्या गल्लीनं जाऊ नका. उरलेल्या सात तुमच्याकडंच अर्धलीनं राहू द्यात. त्यासाठी सात केसपेपर आखून सोबत जोडले आहेत. वय, रंग आणि कानाची खूण तेवढी भरा. मालकाचं नाव मी भरलं आहे. खाली सांभाळणाऱ्याची सही हवी. अंगठा चालेल.