चढावरचा तवंग

३ डिसेंबर
आले एकदाची. बंद पडलेला इंधनाचा डेपो, आत पत्र्याची केबिन आणि आवारात नि आसपास मिळून चौदा बोअर. इथल्या टाक्या वर्षानुवर्षं गळत होत्या, कुणाला पत्ता नाही. पेट्रोल झिरपून जमिनीखालच्या पाण्यावर तवंगासारखं पसरलंय. पंप ते ओढून काढतो. मी बोअरमध्ये मोजपट्टी सोडून तवंग किती जाड ते वहीत लिहायचं. पेट्रोल लागलं की पट्टी सलग वाजते, पाणी लागलं की थांबून थांबून.

खोली छान मिळाली, डेपोच्या वरच्या अंगाला, चढावर. जमिनीखालचं पाणी उताराला नाल्याकडे वाहतं, त्यामुळे इकडच्या विहिरी स्वच्छ. घरमालकिणीला पहिल्याच दिवशी काकू म्हणून टाकलं. त्यांनी विचारलं, एकटीच का? म्हटलं, एकटीच, माणसं वाढायची भीती नाही. हसल्या.

१२ डिसेंबर
दिवसभरात बोलायला फक्त फाटकावरचे मामा. त्यांना कमी ऐकू येतं. मी म्हणते थंडी आहे, ते म्हणतात नऊ वाजले. मग बोअरशीच बोलते. झाकण उघडताना, काय, बरं आहे ना? पट्टी वाजते तेव्हा कुणीतरी हुंकार दिल्यासारखं वाटतं. या वयात असली थेरं! पण वाटतं खरं.

२६ डिसेंबर
नऊ नंबरचा बोअर माझ्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. तो कायम कोरडा-स्वच्छ असायचा, म्हणजे पेट्रोलच्या दृष्टीनं. आज बोटभर तवंग. पट्टी पुसून तीनदा सोडली. साहेबांना फोन केला तर म्हणाले, बाई, पाणी कधी चढ चढतं का? मलाही तेच म्हणायचं होतं.

९ जानेवारी
नऊमध्ये आता वीतभर. नाल्याकडचे सगळे बोअर निवळले. तवंग आटला नाही, सरकला. सकाळी काकूंनी विहिरीची बादली माझ्यापुढे ठेवली. पाण्यावर रंग फिरत होते. गेली दहा वर्षं त्याच विहिरीचं पाणी पितात. दोन दिवस डोकं धरून बसल्या होत्या, उलट्या होत होत्या. पुतण्या येऊन घेऊन गेला. जाताना मलाच म्हणाल्या, तू जप गं.

२२ जानेवारी
रजा काढून आठ दिवस ताईकडे राहिले. भाचीचं बाळ मांडीवर घेऊन बसायचे, उठावंसं वाटायचं नाही. परत येऊन डेपोच्या पलीकडच्या अंगाला खोली घेतली. आज मोजणी केली. नऊ नंबर स्वच्छ. दोन नंबरला तवंग.
दोन नंबर माझ्या नव्या खोलीकडे आहे.

२५ जानेवारी
आधीच्या मोजणीवाल्यांची जुनी वही काढली. आकड्यांच्या शेजारी समासात बारीक अक्षरात त्यांनी कुठे झोपलो ते लिहिलंय. लॉज. भावाकडे. मग केबिन. केबिन. केबिन. दोन महिने केबिनच. तवंग प्रत्येक वेळी त्यांच्यामागून गेलेला.
मामांच्या कानाशी ओरडून विचारलं, ते कुठे गेले? म्हणाले, कोण जाणे. चपला दाराशी होत्या, फरशी ओली होती. गेले असतील गावाला.

१ फेब्रुवारी
ताईचा फोन. बोअरच्या पाण्याला घासलेटासारखा वास येतोय म्हणाली. बाळाला त्याच पाण्यानं अंघोळ घातली, अंगावर चट्टे उठलेत.
आठ दिवस. फक्त आठ दिवस राहिले होते.
तिला म्हटलं, ते पाणी वापरू नका, बाळाला घेऊन भाचीच्या सासरी जा. का, ते सांगता आलं नाही.

४ फेब्रुवारी
सामान केबिनमध्ये आणलं, इथे कुणाची विहीर नाही. ताईला सांगितलं, मी येणार नाही, तुम्हीही येऊ नका. ती रडली. म्हणाली, आमचं काही चुकलं का? मी फोन ठेवला —
संध्याकाळी ताईच्या शेजारणीला विचारलं. पाणी निवळतंय म्हणे.
म्हणजे बरोबर केलं.
जन्मभर माझ्या मागे कुणी आलं नाही. आलं ते हे.

६ फेब्रुवारी, सकाळ
केबिनच्या दाराशी तेरा नंबर. काल पट्टी चार मीटर खाली वाजली. आज दोन. वास येईनासा झालाय. मामा मात्र नाकाला रुमाल लावून लांब उभे —

दुपार
एक मीटर. पंप चालूच आहे, नळीतून काही येत नाही.

पुन्हा मोजलं. झाकण उघडताच वाजली. पट्टी अजून हातातच —

फरशीच्या सांध्यांतून ओल. निघून जावं तर कुठे? ज्याच्या दारी जाईन त्याच्या —

फाटकाशी ताई. बस धरून आली. बाळ कडेवर. उघडू नका म्हणून ओरडले, मामांना ऐकू गेलं नाही, फाटक उघडलं त्यांनी. मी खिडकीतून हात हलवते, जा म्हणते, तिला वाटतं ये म्हणते. ती हसतेय. पायाखालची माती चमकतेय तिच्या, तिला दिसत नाही, ताई तिथेच थांब, बाळाला खाली ठेवू न