देवी बोलत नाही

२ सप्टेंबर १९८६, मंगळवार

आजही बोलली नाही!

ओसरी भरली होती. आरती झाली, कापूर झाला. मनकर्णा पाटावर बसली — केस मोकळे, कपाळभर मळवट, पुढ्यात परडी. पूर्वी दुसऱ्या कडव्यालाच तिच्या डाव्या पायाचा अंगठा हलू लागायचा. मग खांदे, मग मान, मग तो घुमणारा आवाज, आणि ती माझी बायको राहायची नाही. आज आरती परत म्हटली तरी ती नुसती बसून. शेवटी म्हणाली, "कंबर दुखायलीय, उठू का?" लोक चपला घालून निघून गेले. शेजारच्या धुरपताबाईला हरवलेल्या म्हशीचं विचारायचं होतं. ती माझ्यावरच फणफणत गेली. जणू म्हैस मी नेली!

मला म्हशीचं नाही, मनकर्णाचंच विचारायचं आहे. डॉक्टर म्हणतात, पोटात गाठ आहे, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्या, ऑपरेशन करा. नेऊ की नको? माझी गंगाखेडला बदली, आमच्या लेकीचं, कावेरीचं, पालमचं स्थळ, विहिरीची जागा — या घरात देवीच्या कौलाशिवाय काहीच झालं नाही. आधी माझ्या आईच्या अंगात येत असे, तिच्यानंतर सुनेच्या. आणि आता तिच्याच जिवाचा प्रश्न आहे तर देवी गप्प. आषाढात दुखणं सुरू झालं तेव्हापासून गप्प.

शाळेत पोरांना सांगतो, स्वतःचं डोकं वापरा. घरी येऊन पाटासमोर हात जोडून बसतो. असा मी मास्तर.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. पोरांनी गुलाबाचं फूल दिलं. घरी आलो तर पालमहून कावेरी आलेली. आईचे हात बघून तिनं तोंड फिरवलं. मग स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाली, "आई वाळत चाललीय, अन् तुमी कौल लावीत बसलाव."

मी म्हणालो, तुझं लग्नही कौलानंच झालं. ती चुलीकडे वळली. मलाच ते बोलणं नंतर फार लागलं. तिच्या लग्नाचं काय झालं ते तिला माहीत आणि मला माहीत.

मनकर्णानं अर्धी भाकरी खाल्ली. ती माझ्या समाधानासाठी.

८ सप्टेंबर, सोमवार

मार्थाबाई आल्या होत्या. सरकारी दवाखान्यातल्या नर्स. येता-जाता मनकर्णाला इंजेक्शन देतात, पैसे घेत नाहीत. आज उठताना म्हणाल्या, रविवारी परभणीला आमच्या चर्चमध्ये या, पास्टर आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. मी हसून विषय टाळला. म्हटलं, बाई, आमचं घर देवीचं. त्या म्हणाल्या, ऑपरेशनही करा आणि प्रार्थनाही करा, मी कुठं एक सोडा म्हणते?

तेवढ्यात आतून मनकर्णाचा आवाज — "जाऊ की."

मी चाट पडलो. मार्थाबाई गेल्यावर विचारलं, हे काय नवीन? भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "इतलं तर कुणी बोलंना. तितलं काय म्हनतंय बघू." 

स्वतःच्या देवीबद्दल असं बोलली. मला ते आवडलं नाही. पण किती दिवसांनी तिनं आपणहून काही मागितलं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

परभणीहून आत्ताच आलो. डोकं सुन्न आहे. घडलं तसं लिहून काढतो.

चर्च म्हणजे उंच मनोरा, घंटा, असं मी समजत होतो. हे निघालं स्टेशनामागं पत्र्याचं लांबट घर. चपला बाहेर, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, खाली सतरंज्या — इथवर आपलंच. पण आत देव कुठे? भिंतीला कापडी पडदा, त्यावर वचन लिहिलेलं. बस! हात कोणाकडे जोडायचे तेच कळेना. मी नारळ नेला होता, रिकाम्या हातानं कसं जायचं? तो फोडायला दगड नाही, वाहायला मूर्ती नाही. सगळा वेळ मांडीवर धरून बसलो. शेजारच्यानं विचारलं, गावाकडं न्यायचाय का? मी हो म्हणून टाकलं.

गाणी चांगली होती, ढोलकी तर फारच चांगली. मग पास्टर शांतवन म्हणाले, प्रार्थना करू — आणि सगळे एकदम सुरू झाले! प्रत्येकाचं वेगळं, मोठ्यानं. मास्तर बाहेर गेल्यावर वर्गात होतं तसं. मला उठून 'एकेकानं बोला' म्हणावंसं वाटलं. हळूहळू आवाज चढला. माझ्यापुढं खाकी कपड्यातला एसटीचा कंडक्टर ढसाढसा रडत होता. बाप्या माणूस, बायकापोरांदेखत! एक म्हातारी कुठल्याशा भाषेत भराभर बोलत होती. मराठी नाही, उर्दू नाही, तेलुगूही नाही. मला भीती वाटली. घरी अंगात येतं त्याची कधी वाटली नव्हती. तिथं एकीच्याच अंगात येतं आणि बाकीचे शहाणे असतात. इथं शहाणा मी एकटाच उरलो होतो.

मग पास्टरांनी मनकर्णाला पुढं बोलावलं. तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि गाठीला दरडावू लागले — नीघ, नीघ म्हणून. माझ्या अंगावर काटा आला. मनकर्णाच्या डोक्याला कोणी हात लावत नाही. लोक तिच्या पाया पडतात. तहसीलदारांची आई पडली आहे. आणि ती तिथं खाली मान घालून बसली होती, शाळेत नवीन आलेल्या मुलीसारखी. मला रागही आला आणि रडूही आलं.

गाडीत विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "हात लय ऊन व्हते त्यायचे." एवढंच. नंतर खिडकीला डोकं टेकून झोपली. दुखणं सुरू झाल्यापासून अशी झोपली नव्हती.

नारळ घरी आणून देवीपुढं फोडला. नासका निघाला!

१६ सप्टेंबर, मंगळवार

ओसरीवर कोणीच नाही. परभणीची बातमी आमच्याआधी गावात पोचली होती. शाळेत चंद्रभान गुरुजींनी चहा पिताना हळूच विचारलं, "मास्तर, नाव बदललं का?" विद्यापीठाच्या नामांतरावरून आधीच गावात कुजबुज कमी नाही, त्यात आमची भर. सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

आम्ही दोघांनीच आरती म्हटली. मी विचारलं, आई, नेऊ का हिला? मनकर्णा परडीकडे बघत राहिली. डोळ्यात पाणी होतं. कापूर विझल्यावर मला म्हणाली, "तुमाला काय वाटतंय?"

म्हणालो, मला वाटून काय उपयोग?

२१ सप्टेंबर, रविवार

पुन्हा परभणी. आज नारळ नेला नाही. रडारडीची तितकी धास्ती वाटली नाही. तो कंडक्टर बाहेर नळावर भेटला. त्याचा मुलगा उन्हाळ्यात गोदावरीत बुडाला. घरी रडलो तर बायको खचते, म्हणून इथं येऊन रडतो म्हणाला. मग मला त्याच्याबद्दल लिहिलेलं ते 'बाप्या माणूस' खोडावंसं वाटलं. राहू दे.

उपासना संपल्यावर पास्टरांनी आम्हाला बाजूला बसवलं. माणूस सौम्य आहे, आवाज चढवत नाही. म्हणाले, मास्तर, एका घरात दोघांचं चालायचं नाही. देवीचा टाक, परडी, कवड्यांची माळ, सगळं घेऊन या, नाही तर गंगेत सोडा. मग बघा.

 तो टाक आईच्या आईचा. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी होता. गाडीत मनकर्णा म्हणाली, "मग टाकायचं का?" फुटकी घागर टाकायची का, असं विचारावं तशी. तिच्या तोंडाकडे बघतच राहिलो.

देवीला टाकायचं की नाही, हे विचारायचं कोणाला? देवीलाच! दिवसभर हाच विचार डोक्यात फिरतो आहे. ही बरी होणार असेल तर मी तो टाक काय, देव्हाराही उचलून देईन. पण टाकला आणि ही गेली तर? आणि नाही टाकला आणि गेली तर? दोन्हीकडून माझंच मरण आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळपासून कळा. मार्थाबाई शाळेत बोलवायला आल्या. इंजेक्शननं पडून राहिली. हात हातात घेतला तर बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

२७ सप्टेंबर, शनिवार

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, "मास्तर, आषाढातच सांगितलं होतं ना? आता ते पोट उघडतील की नाही, मला शंका आहे. तरी न्या."

बाहेर बाकावर मनकर्णा बसली होती. काय म्हनले, विचारलं. मी म्हणालो, गोळ्या बदलल्या.

२८ सप्टेंबर, रविवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

मनकर्णाला जायचंच होतं. मी नको म्हणत होतो, गाडीत बसवत नव्हतं तिला. पण उठली, लुगडं नेसली. चर्चमध्ये तिला भिंतीला टेकून बसवलं. सगळ्यांची प्रार्थना सुरू झाली, चढत गेली. पास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बायका तिच्याभोवती गोळा झाल्या, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. आणि मला तिच्या डाव्या पायाचा अंगठा दिसला. हलत होता!

मग खांदे, मग मान. केस सुटले. तो घुमणारा आवाज! आषाढापासून मी ज्याच्यासाठी तळमळत होतो तो आवाज, परभणीच्या त्या पत्र्याखाली! सगळे हात वर करून 'हालेलुया' ओरडू लागले. पास्टर रडत म्हणाले, पवित्र आत्मा उतरला. मला मात्र माहीत होतं कोण उतरलं ते. इतकी वर्षं बघतो आहे. मी नाही ओळखणार?

मला काही भान राहिलं नाही. बायकांमधून वाट काढत गेलो आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ओरडून विचारलं, "आई, औरंगाबादला नेऊ का? सांग, आई!"

एकदम सगळं शांत झालं. कंडक्टरनं मला खांद्याला धरून उठवलं. मास्तर, असं माणसाच्या पाया पडत नाहीत, म्हणाला. पास्टर माझ्याकडे बघत होते, त्यांचा चेहरा उतरला होता. आणि मनकर्णाचं हलणं थांबलं होतं. ती सरळ माझ्याकडे बघत होती. त्या डोळ्यांत देवी नव्हती. 

२९ सप्टेंबर, सोमवार

मार्थाबाई म्हणतात, प्रभूनं तिला स्पर्श केला, तुम्ही मध्ये पडायला नको होतं. धुरपताबाई साखर वाटत आली. म्हणे, बघा मास्तर, आईनं परभणीपर्यंत जाऊन आपलं झाड, जिच्या अंगात येते तिला, ओढून आणलं! दोघी खूश आहेत. दोघींना चहा केला.

मनकर्णा कालपासून एक शब्द बोललेली नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

आरती केली नाही. तिला बशीत चहा ओतून दिला आणि विचारलं, परवा कोण आलं होतं? खरं सांग. देवी की त्यांचा तो आत्मा?

"कुणीच न्हाई. समदे किती आशेनं बघायले व्हते. इतली बी असंच बघत्यात."

मग इतक्या वर्षांचा कौल?

"मला जे बरं वाटायचं ते सांगायचे. पाटावर बसून सांगितलं तरच या घरात कुणी ऐकायचं. कावेरीचं चुकलं माझं."

 तिच्या हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणालो, मग औरंगाबादचं का नाही सांगितलंस? हो म्हणाली असतीस तर मी त्याच दिवशी नेलं असतं.

"मला भ्या वाटायलं व्हतं ना. त्याच्यापायी तर परभणीला गेले. म्हनलं, येकदा तरी मला कुणी सांगंल — भिऊ नको, जा."