इतिहासाच्या कव्हरवरचा नववा धडा

आई, तुझ्या बिस्किटांच्या डब्यातलं ते जर्मन पत्र मी गेल्या रविवारी वाचलं. माझं मी, कुणाला न विचारता. तुझा नातू, ज्याला तू पाहिलंही नाहीस, तो गेली दोन वर्षं माझ्या मागे लागला होता. "आई, फोनचा कॅमेरा धर त्याच्यावर, एका सेकंदात मराठीत येईल. कशाला उगाच डोकेफोड करतेस?" त्याचं चूक नाही. हल्ली खरंच तसं होतं. औषधाच्या खोक्यावर नाहीतर कुठल्याही पाटीवर फोन धरला की अक्षरं डोळ्यांदेखत बदलतात. पण मी त्याला त्या पत्राला हात लावू दिला नाही. तुझ्या धड्यांची पानं माझ्याच हातून गेली होती, तेव्हा तुझं पत्र आयतं वाचणं मला पटेना. तू गेल्यावर सव्वीस वर्षं ते डब्यात पडून होतं, आणखी दोन वर्षांनी त्याचं काही बिघडणार नव्हतं.

मग मी शिकायला लागले. या वयात कुठला क्लास लावणार? जे काही शिकले ते सगळं फुकटात, फोनवर. मी आता शेलूला राहते, नव्या बिल्डिंगीत, आणि नोकरी खालापूरकडच्या एका कारखान्यात, स्टोअर सांभाळायची. रोज सकाळी कर्जतला उतरून खोपोलीच्या गाडीसाठी थांबावं लागतं. फलाटावरचा तो बाक म्हणजे माझी शाळा. फोनमध्ये एक अ‍ॅप आहे, ते रोज पाच-दहा वाक्यं करून घेतं आणि एक दिवस चुकला की असं तोंड पाडतं, जसं काही मी त्याच्याकडे जेवायला येते म्हणून सांगून गेलेच नाही. एक मुलगी आहे, ती व्हिडिओत तिकडच्या बाजारात फिरते, लोकांना थांबवून साधेसाधे प्रश्न विचारते, आणि ते बोलतात ते खाली लिहून येतं. तिचा एकेक भाग मी चार-चार वेळा बघते. पहिले सहा महिने आकडे आणि नमस्कार सोडून काही कानात शिरेना. बाकावरच्या एका भाजीवालीने शेवटी विचारलंच, "ताई, तुमी रोज कुनाला एवढं धीरानं समजावता? सून हाय का?" म्हटलं, "नाही हो, सफरचंदं मागतेय." तिने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं आणि पाटी पलीकडे सरकवली.

तर अशी शोधाशोध करताना एका सकाळी मला तुझे धडे सापडले. त्या परदेशी रेडिओचे, तेच, हिंदीतून जर्मन शिकवणारे. तुझ्यासारख्याच कुणा श्रोत्याने त्या काळी कॅसेटवर उतरवून ठेवले होते आणि आता सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकले होते, खरखरीसकट. मी कानात बोंडं घातली आणि सुरू केलं. आधी ती छोटी धून वाजली, मग धडा शिकवणाऱ्या बाईंचा आवाज आला, आणि आई, भर फलाटावर माझा उजवा हात आपोआप वर गेला. भाजीवालीला वाटलं, मी कुणाला हाक मारतेय. मी हात खाली घेतला आणि बराच वेळ मला समोरचं काही दिसेना.

कर्जतच्या घरातलं स्वयंपाकघर. फळीवर तिखटाच्या आणि डाळींच्या डब्यांमध्ये तो रेडिओ. दिवेलागणीची वेळ, दादांच्या बातम्यांना अजून अवकाश आहे. तू कणीक भिजवून झाकून ठेवतेस, हात पदराला पुसतेस आणि म्हणतेस, "चल गं, वायर धर." रेडिओच्या एरियलला जोडलेली ती तांब्याची वायर खिडकीच्या गजाला बांधली तर खरखर, खिळ्याला अडकवली तरी खरखर. मी स्टुलावर उभी राहून, हात वर करून ती धरली की मात्र खरखर मागे हटायची आणि बाई आपल्या ओट्याशी उभ्या राहून बोलल्यासारख्या बोलायच्या. तू त्यांच्या मागोमाग म्हणायचीस. माझं नाव अमुक, मी इथे राहते, स्टेशन कुठे आहे. माझ्या जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं दाभणाने शिवून तू एक वही केली होतीस, तिच्यात लिहायचीस. पाठ माझ्याकडे, तोंड रेडिओकडे. मला त्या बाईंचा राग यायचा. वाटायचं, आईला माझा नुसता हात पाहिजे, मी नको.

दादांना बायकोच्या या शिकण्याची गंमत वाटायची. "बाईसाहेब, तुमचे जर्मन पाहुणे जेवायला कधी येतायत? भात किती लावायचा ते सांगा." तू हसून सोडून द्यायचीस. डोंगरावरच्या वाडीतली ती बाई आठवते? बाजारात उरलेली शेवळाची रानभाजी आणि तिची खाज मारायला मूठभर आंबट काकडं घेऊन संध्याकाळी मागच्या दाराशी टेकायची. एकदा तुझं ऐकत बसली आणि म्हणाली, "काय गं बाय, ह्यो डबा काय बोलतो? तुला तरी कळतं का नाय?" तू म्हणालीस, "थोडं थोडं कळतं." तर म्हणते, "मंग ठीक हाय. आमचं पन तुला थोडंच कळतं, तरी शेवळं घेतेस ना." तुम्ही दोघी इतक्या हसलात की बाईंचं पुढचं वाक्य ऐकायचं राहून गेलं. ती गेल्यावर मी तुला विचारलं होतं, "तुला तिकडे जायचंय का?" तू म्हणालीस, "छे गं, जायचंय कुठे. बोलावंसं वाटतं." मला काही उलगडा झाला नाही. घरात आपण दिवसभर बोलतच तर होतो.

आणि मग जून. शाळा उघडायच्या आधी पुस्तकांना कव्हरं घालायची. दुकानातला खाकी कागद आपल्याकडे येत नसे. त्या रेडिओवाल्यांचं रंगीत मासिक टपालाने फुकट यायचं, त्याचा गुळगुळीत कागद वर्गात सगळ्यांत उठून दिसायचा, आणि तुझी कायमची ताकीद होती की परदेशी कागद आला की कव्हरांसाठी ठेवायचा. त्या वर्षी, माझ्या सातवीच्या वेळी, तू दोन दिवस मावशीकडे नेरळला गेली होतीस. म्हटलं, आई यायच्या आत सगळं करून ठेवू, शाबासकी मिळेल. मासिक पुरलं नाही. फळीवर धड्यांची पुस्तिका होती, मासिकाएवढीच मोठी, तसाच कागद. सुरुवातीच्या आठ धड्यांवर तुझ्या हळदीच्या बोटांचे डाग आणि पेन्सिलच्या खुणा होत्या. मधली पानं कोरी करकरीत. मी पिना सोडवल्या, मधली जोडपानं काढून घेतली आणि बाकीची नीट परत लावून ठेवली. इतिहासाला नववा धडा आला, भूगोलाला दहावा, अकरावा शास्त्राला.

तू आलीस, दप्तर उघडलंस. "किती नीटनेटकी घातलीस गं," म्हणालीस, आणि इतिहासाच्या पुस्तकावर तुझा हात तसाच राहिला. दादा खो खो हसले. मला रडू फुटायच्या आत तूच म्हणालीस, "तिचं काय चुकलं? मीच सांगून ठेवलं होतं, परदेशी कागद कव्हरांना म्हणून." बस, तेवढंच. कव्हरं तू काढू दिली नाहीस. बिनकव्हरी पुस्तकाला आमच्या शाळेतल्या बाई हातावर पट्टी द्यायच्या आणि घरात दुसरा कागद नव्हता.

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी तू माझ्या पुस्तकांच्या पाठीवरून शिकलीस. रेडिओ सुरू व्हायच्या आधी ओट्यावरून म्हणायचीस, "इतिहास दे गं जरा." इतिहास डब्याला टेकवून उभा करायचीस. अर्धं पान आत दुमडलेलं, त्यामुळे प्रत्येक वाक्य पुस्तकाच्या कडेवरून आत वळायचं, आणि तू मान वाकडी करून कागदाच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं वाचायचीस. फाटू नये म्हणून बोटसुद्धा घालत नव्हतीस. मी कधी द्यायचे, कधी म्हणायचे, "मला गृहपाठ आहे." तू म्हणायचीस, "बरं, झाला की दे." गृहपाठ नसायचा, आई. बरेचदा नसायचा.

दिवाळी उलटल्यावर तो जाड लिफाफा आला. तुझ्या नावाचा, परदेशी तिकिटांचा. पत्र तू मागच्या दारात उभं राहून सावकाश वाचलंस, एकदा नाही, दोन-तीनदा, आणि घडी घालून डब्यात ठेवलंस. सोबत नव्या कोऱ्या पुस्तिका होत्या, दोन. त्यातली एक तू माझ्यापुढे केलीस. "ही तुझी. बसतेस माझ्याजवळ?" मी म्हटलं, "मला नको. मी वायर धरते ना, तेवढं पुरे." तू म्हणालीस, "बरं."

पुढल्या वर्षी मला स्टुलावर उभं राहायची लाज वाटायला लागली. मैत्रिणी यायच्या, हसायच्या. मी अभ्यासाचं निमित्त काढून बाहेरच्या खोलीत बसायला लागले. तू वायर पुन्हा गजाला बांधून पाहिलीस, खिळ्याला गुंडाळून पाहिलीस. आतून खरखर ऐकू यायची. तू मला हाक मारली नाहीस. मग एक दिवस मी पाणी प्यायला आत गेले तर रेडिओवर नाट्यगीत लागलं होतं आणि दोन्ही पुस्तिका उलगडून फळीवर डब्यांखाली अंथरल्या होत्या. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आज जेवढी लाज वाटते, तेवढी स्टुलाची कधी वाटली नव्हती.

आता मला बोलायलाही माणूस मिळालंय. इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे दोन भाषांची माणसं एकमेकांना शिकवतात, मोबदला काही नाही. मला शिकवणाऱ्या जर्मन बाई सत्तरीच्या आहेत, त्यांना हिंदी शिकायचंय. दर रविवारी दुपारी अर्धा तास हिंदी, अर्धा तास जर्मन. त्या फार शिस्तीच्या, पण मी अडले की वाट बघतात. गेल्या रविवारी मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. रेडिओ, कणीक, शिवलेली वही, जमेल तसं. त्यांनी विचारलं, "तुमची आई मग जर्मन कुणाशी बोलायची?" प्रश्न सोपा होता, पहिल्या आठ धड्यांतला. मी म्हटलं, "कुणाशीच नाही." उत्तरही तेवढंच सोपं. बरं वाटत नाही असं सांगून मी फोन ठेवला आणि डबा काढला.

मी उगाच घाबरत होते. पत्र एका पानाचं आहे आणि तुला कळावं म्हणून मुद्दाम सोप्या वाक्यांत लिहिलेलं. कुणा बाईंची सही आहे. तुझ्या पत्राला उत्तर म्हणून तुझीच वाक्यं परत लिहिलीत, ती मी तुला मराठीत सांगते. "प्रिय श्रोताताई, तुम्ही छान लिहिता. तुमची पुस्तिका पावसात भिजली, आम्हाला वाईट वाटलं. तुम्ही लिहिता, माझी मुलगी हातात तार धरते म्हणून तुमचा आवाज माझ्या घरात येतो. तुम्ही लिहिता, कधी आवाज जातो, कारण तिचा हात दुखतो. मी मागे बघते, ती हसते, आवाज परत येतो. तुम्ही लिहिता, माझ्या मुलीला पण शिकायचं आहे, मग मला घरात बोलायला कोणीतरी होईल. म्हणून आम्ही दोन पुस्तिका पाठवतो. तुम्ही दोघी बोला."

पावसात भिजली म्हणे! इतक्या लांबच्या, कधी न भेटणाऱ्या बाईपुढेही तू माझं नाव पुढे केलं नाहीस. आणि मला शिकायचंय असं मी कधी म्हटलं होतं गं? मला वाटायचं, तुला आम्हाला सोडून त्या आवाजाकडे जायचंय. तू तर त्यांच्याकडून माझ्यासाठी पुस्तक मागत होतीस. मला तू हवी आहेस, आई. ओट्याशी, पाठमोरी असलीस तरी चालेल. आता मला शेवटचा, विसावा धडाही येतो, कुठेही न अडखळता येतो. तू विचार, मी उत्तर देते.

हे मी आधी जर्मनमध्ये लिहायला घेतलं होतं, तुला कौतुक वाटलं असतं म्हणून. चार ओळींत दम लागला. आणि जे खरं सांगायचंय ते मला आपल्याच भाषेत सांगता येतं. हा कागद मी त्या पत्रासोबत डब्यात ठेवणार आहे, दुसरं कुठे पाठवणार? फक्त एक राहिलं. तू त्यांना लिहिलंस की माझा हात दुखायचा. हात दुखत नव्हता, आई. तुझा धडा अगदी रंगात आला की मी मुद्दाम वायर खाली करायचे. खरखर वाढली की तू मागे वळून माझ्याकडे बघायचीस.