धोतरावर शिंपडलेली दारू

निंबोला, १९५७

ती. गजाननदादास,

या खेपेला नमस्कार लिहवत नाही. आपला भाग नव्या राज्यात गेल्यावर तुम्ही नशाबंदीचे प्रचारक झाले, तेव्हा मीच गावभर पेढे वाटले होते.

काल देवळापुढच्या सभेत तुम्ही तुमच्या मेहुण्यांना, आमच्या यांना, वर बोलावलं. दारू सोडलेला माणूस लोकांना दाखवायचा, एवढंच मला सांगितलं होतं. तिथं मात्र तुम्ही म्हणाले, "पाव्हणे, पहिले कसे झुलत घरी जायचे ते करून दाखवा!" खरं वाटावं म्हणून त्यांच्या धोतरावर मोहाची दारू शिंपडली. लोक पोट धरून हसले. तुम्ही पण हसले. छी!

घरी आले ते ओट्यावरच थांबले. दारू सुटल्यापासून मी त्यांचं तोंड हुंगणं सोडलं होतं. तेवढीच इज्जत त्यांना या घरात परत मिळाली होती. काल त्यांनी आपणहून माझ्यापुढे तोंड उघडलं. म्हणाले, "हुंगून पाह्य. वास कपड्याचाच आहे."

मी हुंगलं. दारूच्या तलफेला ते चघळतात त्या बडीशेपेचाच वास होता. किळस आली ती तुमची.

हे पत्र टपालात टाकत नाही. तुम्ही हेही पुढच्या सभेत वाचून दाखवाल.

धुरपदा